झाडं ओळखणाऱ्यांची नोकरी

डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली सुमारे २२ हजार कांदळवनाची झाडं तोडायला परवानगी दिली. असा आकडा कागदावर यायचा, तर त्याआधी कुणाला तरी चिखलात उतरून तिवर कुठली, कांदळ कुठलं, चिपी कुठली हे बघावं लागतं. हे काम वनस्पतीशास्त्राच्या पदवीधराचं. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनंतर मोठ्या प्रकल्पांच्या अहवालांत परिसरातल्या वनस्पतींची नोंद लागतेच. आपल्या मुलांना मात्र अजूनही हा विषय मेडिकल हुकलेल्यांसाठी आहे असंच वाटतं.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात काम केलेल्या थिओडोर कूक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. तो अजून उघडला जातो. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी पुढे १९४६ साली पुण्यात उभी केलेली संशोधनसंस्था आज त्यांच्याच नावाने चालते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालयही पुण्यातच. मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. वाळवून शीटवर चिकटवलेल्या नमुन्यांचं ते भांडार एकदा तरी पाहावं.

प्रयोगशाळेची वाट वेगळी. बांबू अनेक दशकांनी फुलतो आणि मरतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पारशरामी आणि मस्करेन्हस यांनी ऊतिसंवर्धनातून तो काचेच्या नळीत काही महिन्यांतच फुलवला. १९९० साली ते संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. याच तंत्राने रोपं बनवणाऱ्या प्रयोगशाळा आज केळीच्या शेतकऱ्याला पुरवठा करतात आणि पदवीधरांना नोकऱ्या देतात. बियाण्यांच्या धंद्यातही वाव आहे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला.

प्राध्यापकीबद्दल मात्र खोटी आशा दाखवू नये. नेट-सेट होऊनही अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात. भारतीय वनसेवेची परीक्षा त्यापेक्षा कठीण, पण वाट सरळ आहे. तिथे वनस्पतीशास्त्र ऐच्छिक विषय म्हणून घेता येतं.

आता हा विषय शिकायच्या जागेबद्दल, म्हणजे वसईजवळच्या कामण गावाबद्दल. दक्षिणेला वसईची खाडी, डोक्यावर २००३ साली अभयारण्य झालेला तुंगारेश्वरचा डोंगर आणि दारात वसई-दिवा रेल्वेमार्ग. खाडीतल्या तिवरांपासून डोंगरावरच्या जंगलापर्यंतचा अभ्यासक्रम एवढ्या थोड्या अंतरात दुसरीकडे सहसा मिळत नाही. पालघर जिल्हाही तसाच संपन्न आहे. डहाणू-घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम आणि बहाडोलीचं जांभूळ, तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. असं मानांकन मिळवताना वाणाचं वेगळेपण कागदोपत्री दाखवावं लागतं.

पावसाच्या सुरुवातीला इथल्या आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी विकतात तेव्हा सोबत काकडाची फळंही देतात. शेवळ सुरणाच्या भाऊबंदांपैकी. त्यातले कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाजतात, आणि ती खाज काकडाच्या आंबटपणाने कमी होते. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत हे विचारलं, तर किती जणांना सांगता येईल? माझ्या मते पदवी आणि नोकरी यांतली खरी दरी हीच आहे. मुलं पेशीची आकृती अचूक काढतात, पण बांधावरचं झाड ओळखत नाहीत. पाड्यावरची मुलं झाड ओळखतात, पण विज्ञान शाखेपर्यंत फारशी पोचत नाहीत.

वसई-पालघरच्या महाविद्यालयांना म्हणून एक विनंती. अभ्याससहल दरवेळी महाबळेश्वरला कशाला? पावसाळ्यात मुलांना कामणला आणा, पाड्यावरच्या जाणत्या बाईला रीतसर मानधन द्या, आणि हर्बेरियमच्या शीटवर संग्राहकाच्या जागी तिचंही नाव लिहा.