व्यसनमुक्तीचा खर्च : तंजावर ते गडचिरोली

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात छत्रांचे वर्णन येते : सर्व जातींच्या वाटसरूंस अन्न, आजाऱ्यांस औषध, मुलांस शिक्षण. या सेवेमागे लावून दिलेल्या गावांचे उत्पन्न होते. शुश्रूषेचा पैसा येतो कोठून, हे तेथे उघड होते.

दारूच्या संदर्भात हाच प्रश्न बोचरा होतो. १९३७ साली राजाजींनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली व बुडालेला महसूल भरून काढण्यास १९३९ साली मद्रास प्रांतात विक्रीकर बसविला. तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. म्हणजे ज्या तिजोरीत दारूचे उत्पन्न जमा होते, तिच्यातूनच व्यसनमुक्तीचाही खर्च व्हावयाचा. ही विसंगती केवळ हिशेबाची नव्हे.

गडचिरोलीत १९९३ ची दारूबंदी लोकचळवळीतून आली. २०१६ साली तेथे सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमामागे राज्य शासन, टाटा ट्रस्ट व 'सर्च' ही संस्था एकत्र आली. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या बंदीचा वा नियमनाचा अधिकार मिळतो. तमिळनाडूत पाचव्या अनुसूचीचे क्षेत्रच नसल्याने तेथील आदिवासींस हा आधार नाही. मात्र अधिकार ग्रामसभेचा असला तरी निधी बाहेरून येतो आणि आपली परिभाषा बरोबर आणतो. त्या परिभाषेत मोहाची दारू निव्वळ मादक द्रव्य ठरते. गोंडांच्या विधींत मात्र ती देवास वाहिली जाते.