गणित शिकून पुढे काय?

मराठी घरांत एके काळी ‘रँग्लर’ हा शब्द जवळजवळ आडनावासारखा वापरला जात असे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले, आणि ‘रँग्लर परांजपे’ हे नाव घरोघर पोचले. केंब्रिजने १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणे बंद केले. पण आमच्याकडे तो शब्द पुढे कितीतरी वर्षे टिकला. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या पोराला शेजारी हटकून विचारीत, “काय रे, रँग्लर व्हायचंय वाटतं?”

आता असा मुलगा किंवा मुलगी घरात निघाली, की तिचे नाव जेईईच्या क्लासात घातले जाते. यात पालकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मी तीस वर्षे एका माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि तितकीच वर्षे भाईंदरात काढली. मुंबईत जागा परवडेना म्हणून आलेल्या माणसांचे हे गाव. मिठागरांच्या शेजारी बघता बघता इमारती उठल्या, २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या खानेसुमारीत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. घराचे हप्ते फेडीत, विरारहून भरून आलेल्या गाडीत रोज सकाळी कसेबसे शिरणाऱ्या बापाला मुलीने इंजिनिअर व्हावे असे वाटले, तर त्यात नवल ते काय?

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मीरा रोडला राहते. बारावी जवळ आली तेव्हा तिने घरात जाहीर केले, “मला इंजिनिअरिंग नको. मला गणितच शिकायचं आहे.” क्लासची दोन वर्षांची फी भरून झालेली! मेहुणे रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले, “दादा, तुम्ही गणिताचे मास्तर. तुम्हीच सांगा, गणित शिकून पुढे काय? शिकवण्या?”

प्रश्न रास्त होता. वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे माहिती ठेवावी असे मी ठरवले. आणि तीच माहिती अनेक घरांना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

केवळ गणितासाठी नावाजलेल्या आपल्या देशातल्या दोन संस्था प्रथम सांगाव्या लागतील. एक कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती १९३१ साली स्थापन केली. १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि १९६० पासून तेथे बी.स्टॅट. ही पदवी सुरू झाली. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव तेथलेच, २००७ साली आबेल पारितोषिक मिळवणारे वरदन यांनीही डॉक्टरेट तेथेच केली. संस्थेच्या बंगळूर केंद्रात बी.मॅथ. आहे. दुसरी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. तिचे संस्थापक शेषाद्री यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढली होती. तेथून शिकलेली मुले संशोधनात, विद्यापीठांत, बँकांत आणि संगणकाच्या धंद्यात गेलेली आहेत.

मेहुण्यांना यातली एक गोष्ट विशेष भावली. भाचीने परीक्षा दिली ते वर्ष २०२४. त्या वेळी कोलकात्याच्या संस्थेत शिकवणीची फी तर नव्हतीच, उलट अभ्यास समाधानकारक असेल तर दरमहा विद्यावेतन मिळत होते. घराचे हप्ते फेडणाऱ्याला हे ऐकून धीर येणारच!

पण तेथे शिरायचे कसे? त्या प्रवेशपरीक्षेला एकाच दिवशी दोन पत्रिका होत्या. सकाळी दोन तासांत पर्यायांचे तीस प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला शून्य, आणि प्रश्न सोडून दिला तर एक! वाचकांना गंमत वाटेल, पण कोऱ्या पत्रिकेलाही तीस गुण होतात. यामागची योजना मोठी चतुर आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक उचलला, तर चारांत एकदा चार गुण मिळतील, म्हणजे सरासरी एकच. तितका तर गप्प बसूनही मिळतो. मात्र एखादा पर्याय खात्रीने खोडता आला, तर सरासरी एकाच्या वर जाते. तात्पर्य, आंधळ्या अंदाजाला बक्षीस नाही, अर्ध्या ज्ञानाला थोडे आहे.

दुपारच्या पत्रिकेत दोन तासांत आठ प्रश्न, आणि प्रत्येकाचे सविस्तर उत्तर. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच; पण येथे ‘उत्तर किती’ एवढ्यावर भागत नाही. ‘असेच का’ हे सिद्ध करावे लागते. क्लासात झटपट उत्तर काढण्याची सवय लागलेली मुले नेमकी येथे अडखळतात.

मी भाचीला पहिल्याच दिवशी एक जुने उदाहरण घातले. एखादी संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा आणि आणखी ४१ मिळवा. एक घेतल्यास ४३ येतात, दोन घेतल्यास ४७, तीन घेतल्यास ५३. साऱ्या मूळ संख्या. तिने पंधरा-वीस वेळा करून पाहिले आणि म्हणाली, “मामा, नेहमी मूळच येते.” मी म्हटले, “चाळीस घे.” उत्तर आले १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१! एकोणचाळीस वेळा खरे ठरलेले विधान चाळिसाव्या वेळी कोसळले. वही बाजूला सारून ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. सिद्धता कशाला हवी, हे मला पुन्हा सांगावे लागले नाही.

पुढचे आठ महिने ती रोज संध्याकाळी आमच्याकडे येई. त्यांच्या दोन खोल्यांत धाकट्या भावाचा गलका आणि दूरदर्शन संच दोन्ही चालू. आमचा नियम एकच होता : दिवसाला तीन प्रश्न, पण प्रत्येक पूर्ण लिहून काढायचा. एखादा प्रश्न सुटला नाही, तर उत्तर न पाहता दोन दिवस डोक्यात घोळू द्यायचा. ‘टेस्ट ऑफ मॅथेमॅटिक्स ॲट द टेन प्लस टू लेव्हल’ हे जुन्या प्रश्नांचे पुस्तक तिने अर्ध्याहून अधिक पुरे केले. कंटाळा आला की मंगला नारळीकरांचे ‘गणितगप्पा’ असे. संसार सांभाळून गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या बाईंची हकिगत माझ्या बहिणीला फार आवडली.

मे महिन्यातला तो रविवार उजाडला. रविवारच्या ब्लॉकचा भरवसा नाही, म्हणून मेहुणे स्वतः पहाटेच्या गाडीने तिला मुंबईच्या केंद्रावर घेऊन गेले आणि दिवसभर बाहेर उन्हात उभे राहिले. तेव्हाच मी ओळखले, अर्धी परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे.

लेखी परीक्षेतून तिला मुलाखतीला बोलावणे आले. अंतिम यादीत मात्र नाव लागले नाही. घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मेहुण्यांनीच विचारले, “दादा, आता पुढचा रस्ता कोणता?”

रस्ते आहेत, आणि पालकांनी ते आधीच पाहून ठेवावेत. भाचीने मुंबईतल्या एका महाविद्यालयात गणित घेऊन बी.एस्सी.ला नाव घातले. पदवीनंतर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एम.स्टॅट. व एम.मॅथ.साठी, तसेच आयआयटींच्या एम.एस्सी.साठी पुन्हा परीक्षा देता येते. प्राध्यापक कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेली एमटीटीएस ही उन्हाळी शिबिरे महाविद्यालयीन मुलांसाठीच आहेत. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था आहे. शाळकरी मुलांसाठी गणित ऑलिम्पियाडची वाट आहे. तिचा कारभार मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातून चालतो.

म्हणून पालकहो, मूल गणितात रमत असेल तर दोन गोष्टी करा. नववी-दहावीतच या परीक्षांचे जुने प्रश्न त्याच्यापुढे ठेवा. एका प्रश्नाशी तासभर झुंजूनही ते हसत उठते का, ते पाहा. उठत असेल, तर आवड खरी. आणि एकाच परीक्षेवर सारी भिस्त न ठेवता दुसरी वाट त्याच्याबरोबर बसून आखून ठेवा. क्लासची फी फुकट गेली म्हणून हळहळू नका. तेथे केलेले गणित कुठे वाया जात नाही.