आधी काम, मग लॅपटॉप

निकाल लागले आणि महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या झळकल्या, की आमच्या सीमाभागातील घराघरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. एके काळी तो सायकलीचा असे. आता तो लॅपटॉपचा असतो. मुलगी बेळगावात अभियांत्रिकीला जावो, कोल्हापुरास जावो, की निपाणीला लागून पण महाराष्ट्राच्या हद्दीत असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जावो, लॅपटॉप हवाच, यावर सर्वांचे एकमत असते. कोणता हवा, याविषयी मात्र जितकी तोंडे तितकी मते. दुकानदार तर "घ्या की हो अण्णा, पुढं उपयोगालाच येतंय," असे म्हणून दहा हजारांची पायरी सहज चढवितो. तंबाखूच्या पट्टीतून वा भिशीतून जमविलेली रक्कम अशा वेळी पाहता पाहता संपते.

या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणूनच हे लिहीत आहो. २०२२ साली धाकट्या कन्येसाठी आम्ही २२ हजारांत एक लॅपटॉप घेतला. यंत्र देखणे, वजनाला हलके. स्मृती, म्हणजे रॅम, ४ जीबी आणि साठवणीची जागा अवघी ६४ जीबी होती. या आकड्यांचा अर्थ आम्ही विचारला नाही आणि कोणी सांगितलाही नाही. वर्ष सरण्यापूर्वीच विंडोजच्या नव्या आवृत्त्यांनी ती जागा भरून गेली. दोन्ही गोष्टी आतील पाटीवर कायमच्या जोडलेल्या असल्याने वाढविण्याची सोय नव्हती. प्रकल्पाचा अहवाल देण्याच्या आदल्या रात्री यंत्र अडून बसले आणि पोरीने वीस पानांचा मजकूर मोबाइलवर अंगठ्याने लिहून काढला. पुढल्या महिन्यात बँकेतील ठेव मोडून दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला. काटकसर म्हणून केलेली खरेदी अशी दुप्पट महाग पडली.

याच्या अगदी उलट आमच्या एका आप्तांनी केले. मुलगा वाणिज्य शाखेचा. पण त्यास खेळांसाठी बनविलेले ९० हजारांचे यंत्र घेऊन दिले. ते इतके जड की तो ते महाविद्यालयात नेईना, आणि बॅटरी दोन तासही पुरेना. आमची चूक आणि त्यांची चूक वरवर निराळी दिसली तरी मूळ एकच. दोघांनीही आधी किंमत पाहिली. काम पाहिलेच नाही.

म्हणून आमची पहिली सूचना अशी, की दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरी बसून कागदावर कामांची यादी करावी. काय लिहायचे, कोणते सॉफ्टवेअर लागणार, रोज किती अंतर वाहून न्यायचे, वीज नसताना किती वेळ चालवायचे, हे सारे तीत असावे. सॉफ्टवेअरची नावे महाविद्यालयातून विचारून आणावीत. मग यंत्राकडे वळावे.

यंत्राचे गणित स्वयंपाकघरावरून चटकन उमगते. प्रोसेसर म्हणजे सुगरण, रॅम म्हणजे ओटा आणि साठवण म्हणजे कोठीची खोली. ओटा अरुंद असेल तर सुगरण कितीही चपळ असली तरी खोळंबते. कोठी लहान असेल तर धान्य ठेवायला जागा उरत नाही. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण ही किमान अट आहे. पण किमान अटीवर संसार होत नाही, हे आम्ही अनुभवले. आजच्या घडीस ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची, शक्य तर ५१२ जीबीची एसएसडी, याखाली उतरू नये. 'ईएमएमसी' जातीची साठवण स्वस्त यंत्रांत आढळते. ती संथ असते आणि सहसा बदलता येत नाही. रॅम पुढे वाढविता येईल काय, हा प्रश्न दुकानात आवर्जून विचारावा.

आता कोणास काय पुरते ते पाहू. कला-वाणिज्याचा अभ्यास, दुकानाचा जमाखर्च, टॅली आणि कराची विवरणपत्रे यांस वरील साधे यंत्र भरपूर झाले. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने १६ जीबी रॅम घ्यावी, अथवा ८ जीबीची घेऊन वाढीची जागा राखावी. स्थापत्य वा यांत्रिकी शाखेतील मोठे आराखडे काढणाऱ्यासच वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज भासू शकते. तीही बहुधा वरच्या वर्गांत. तोवर महाविद्यालयाची प्रयोगशाळा असते. छापखान्यात श्रीलिपीवर काम करणाऱ्याने विंडोजचेच यंत्र घ्यावे. आजी-आजोबांना परगावच्या नातवंडांचे मुख पाहायचे, एवढेच काम असेल, तर हाताशी असलेला मोबाइल पुरे.

विंडोजविना येणारे लॅपटॉप स्वस्त दिसतात. त्यांवर चोरीची प्रत घालून घेण्यापेक्षा विनामूल्य मिळणारे उबुंटू घालावे. केवळ लेखन-वाचनास ते चांगले चालते. लेखनासाठी लिबरऑफिसही फुकट मिळते.

सीमाभागातील घरांस आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. आमची मुले निबंध मराठीत लिहितात आणि अर्ज कन्नडमध्ये भरतात. त्यासाठी निराळा कीबोर्ड वा महागडे सॉफ्टवेअर घेण्याचे कारण नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केलेली 'इनस्क्रिप्ट' मांडणी विंडोज व उबुंटू या दोहोंत असतेच. तिची खुबी अशी, की मराठी 'क' ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर कन्नड 'क' आहे. बोटांस एकदा वळण लावले की दोन्ही लिपी हाती येतात. कन्नडसाठी 'नुडी'ची निराळी मांडणीही येथे रूढ आहे. कन्नड टंकलेखनाची नोकरी डोळ्यांसमोर असेल तर तीही शिकावी.

खरेदी कोठे करावी? सीमा ओलांडली की कर कमी लागतो, ही समजूत आता सोडून द्यावी. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर एकच असून लॅपटॉपवर तो १८ टक्के आहे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव सुमारे ७५. तेव्हा ज्या कंपनीचे दुरुस्तीकेंद्र आपल्याला जवळ, तिचा लॅपटॉप आपला. कंपनीचा माणूस आपल्या गावी घरपोच येतो काय, हे पिनकोड देऊन आधीच विचारावे. बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. व्यापाऱ्याने आपला जीएसटी क्रमांकही घालून घ्यावा.

वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. कचेऱ्यांतून निघालेली मजबूत यंत्रे पुष्कळदा निम्म्याहून कमी दरात मिळतात. मात्र विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे विंडोज ११ ज्यावर रीतसर चालते असेच यंत्र पाहावे. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढचा हवा. बैल घेताना दात पाहतात, तशी बिजागरी, बॅटरी आणि प्रत्येक कळ दुकानातच तपासून घ्यावी.

हप्त्यांविषयी दोन शब्द. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दांना भुलू नये. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. रोखीने घेतल्यास काय भाव आणि हप्त्याने सर्व शुल्कांसह काय, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. छुपे व्याज आपोआप उघडे पडते.

आमच्या कन्येचा दुसरा लॅपटॉप आजही चालू आहे. तो दिसायला साधा आहे. मित्रमैत्रिणींत मिरवावा असा नाही. पण त्याच्या खरेदीपूर्वी तिने वहीच्या पानावर केलेली कामांची यादी आम्ही जपून ठेवली आहे. यंदा पुतण्याचा प्रवेश आहे. ते पान आम्ही त्याच्या हाती दिले आणि म्हटले, "बाळा, यातले तुझे नसेल ते खोड, राहिले असेल ते लिही. मग आपण बाजारात जाऊ."