जनुकातील भेद : दोष की नुसते वेगळेपण?

जनुकांची तपासणी ही आता महानगरांपुरती बाब राहिलेली नाही. देवरूखसारख्या तालुक्याच्या गावी घेतलेला रक्ताचा नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो आणि ‘दुर्मिळ भेद आढळला, महत्त्व अनिश्चित’ असा शेरा घेऊन अहवाल परत येऊ शकतो. या शेऱ्याचा अर्थ ‘आजार’ असा लावून मुलीचे ठरलेले लग्न मोडणे हा शुद्ध अन्याय होय. पण दुर्मिळ ते घातक, हे समीकरण समाजमनात पक्के बसलेले आहे.

ते किती फसवे आहे, हे मुंबईतच सिद्ध झालेले आहे. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली, पुढे तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला गेला. ‘ए’ व ‘बी’ हे घटक ज्या ‘एच’ पदार्थावर उभे राहतात, तोच या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर नसतो. कारण, आईकडून व वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. प्रयोगशाळेच्या कसोटीवर हे जनुक पूर्णपणे बिघडलेले ठरते. परंतु ती व्यक्ती आयुष्यभर ठणठणीत राहू शकते.

धोका उद्भवतो तो रक्त चढविण्याच्या वेळी. नेहमीच्या तपासणीत अशा व्यक्तीचा गट ‘ओ’ दिसतो. मात्र तिच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे ‘ओ’ गटाच्या पेशींचाही नाश करतात. अशा वेळी ‘ओ’ गटाची बाटली प्राणघातक ठरू शकते. म्हणजे एकच भेद एरवी निरुपद्रवी आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर घातक!

म्हणूनच निवाडा एका पुराव्यावर करता येत नाही. निरोगी लोकांत तो भेद किती आढळतो, कुटुंबात तो आजाराबरोबर उतरतो काय, त्याने प्रथिनाचे कार्य खरोखर बिघडते काय, हे सारे तपासावे लागते. २०१५ साली अमेरिकी तज्ज्ञांनी यासाठी ‘रोगकारक’पासून ‘निरुपद्रवी’पर्यंत पाच पायऱ्या ठरवून दिल्या. ‘अनिश्चित’ ही त्यांतील मधली पायरी होय.

यातही मोजदाद कोणाची, हा प्रश्न उरतोच. बॉम्बे गट युरोपात दहा लाखांत एखाद्याचा, तर १९७४ च्या मुंबईतील पाहणीत सुमारे ७,६०० त एकाचा आढळला. परक्यांच्या नोंदवहीवरून आपल्या रक्ताचा न्याय करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन करणारा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प या दृष्टीने स्वागतार्ह असला, तरी एवढ्या विविध समाजांच्या देशात तो केवळ आरंभ आहे.

तोवर काही गोष्टी तातडीने करता येतील. रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींशी ताडून पाहण्याची उलट तपासणी कोठल्याही रक्तपेढीने गाळू नये. एखाद्याचा बॉम्बे गट निघाल्यास त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी व्हावी. जनुकीय अहवालाचा अर्थ रुग्णाला मराठीत समजावून द्यावा आणि नवा पुरावा येताच जुना शेरा पुन्हा तपासावा. ‘अनिश्चित’ या शब्दाच्या आधारे कोणाचे लग्न मोडू नये, की कोणावर शस्त्रक्रिया होऊ नये. शास्त्राने निर्णय राखून ठेवला असताना समाजाने शिक्षा सुनावण्याचे कारण नाही.