राहिलेला डोस

लस म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सुई येते. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते सुईच्या आधीच्या कामाविषयी, म्हणजे मूल शोधून काढण्याविषयी. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यात गावोगाव ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. पुढे शहरांतील वस्त्यांतही त्या आल्या. टोचणे हे परिचारिकेचे काम. आशाताईने घरोघर हिंडून वही भरावयाची आणि लसीकरणाच्या दिवशी मायलेकरांना अंगणवाडीत आणावयाचे. याबद्दल तिला पगार नाही, मानधन आहे.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाचे पाहा. भाद्रपदात मूल जन्मले. दीड महिन्याचे होताच घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरे पाच रोगांवरच्या लसीचा पहिला डोस गावी मिळाला. दिवाळीनंतर बिऱ्हाड उसाच्या फडावर गेले आणि अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस राहिले. गावच्या वहीत मूल ‘बाहेरगावी’, कारखान्याकडच्या वहीत त्याचे नावच नाही. पाडव्याच्या सुमारास परतलेल्या आईला वाटते, आता सारे पहिल्यापासून टोचणार, आणि वर नर्सबाई रागावणार! म्हणून ती अंगणवाडीकडे फिरकतच नाही.

वास्तविक मध्ये खंड पडला तरी घेतलेला डोस फुकट जात नाही. जेथे थांबले तेथून पुढे चालू करावयाचे. दोन डोसांत निदान चार आठवडे असावेत, इतकेच. नवव्या महिन्यानंतरची गोवर-रुबेलाची लस राहिली तर पाच वर्षांपर्यंत देता येते. मात्र सगळ्यांना अशी सवलत नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात क्षयावरची बी.सी.जी. पहिल्या वाढदिवसानंतर देत नाहीत. ही माहिती आईला न रागावता सांगणे, हे आम्ही आशाताईचे निम्मे काम समजतो.

हा खेड्यांचाच प्रश्न, असे कुणी म्हणू नये. २०२२च्या अखेरीस गोवराची साथ आली ती मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला. गोवर इतका संसर्गजन्य की तो रोखावयाचा तर शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. त्या वेळी नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना जादा डोस देण्यासाठी पुन्हा घरेच पालथी घालावी लागली.

आमच्या रस्त्यावर सध्या एक इमारत उठते आहे. तिच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. आशाताई तेथे दुपारी दोनदा येऊन गेली, खोल्यांना कुलपे होती. आता ती दिवेलागणीला येते. त्या वेळी चुली पेटलेल्या असतात आणि आया घरी सापडतात.