शिक्षेच्या आधीची कोठडी

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत म्हणजे मुळात किल्ल्याचा तट. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास तो बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला. याच किल्ल्यात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होते. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा ठपका ठेवून पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून त्यांना ताब्यात घेतलं होतं. खटला नाही, मुदत नाही. पहाऱ्यावर गोरे शिपाई. सांगतात की, एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता सुटकेचा बेत मराठी गाण्यातून ऐकवायचा. पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी निसटले. पुढे पुन्हा पकडले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारले.

कच्च्या कैद्यांची वकीलपत्रं घेऊन मी तुरुंगात जाते. हाताखालच्या नव्या वकिलांना ही हकिकत मी आवर्जून सांगते. कारण तुरुंग फार काळ असाच होता: माणूस सरकारच्या हाताशी राहावा म्हणून. शिक्षा निराळी असे. दंड, फटके, हात तोडणं, हद्दपारी, फाशी. आपल्याकडे गडांवर माणसं वर्षानुवर्षं अडकून पडत, पण किती वर्षं हे कायद्यात नव्हतं, मर्जीत होतं. युरोपातही फारसं वेगळं नव्हतं.

1764 मध्ये इटलीच्या बेकारियाने मांडलं की, शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी. वर्षं आणि महिने मोजता येतात, फटक्यांच्या वेदनेचं तसं नाही. मुदतीची कैद म्हणूनच लोकांना पटत गेली. मग सुधारकांचा उत्साह कुठवर गेला पाहा: फिलाडेल्फियात 1829 मध्ये उघडलेल्या तुरुंगात कैद्याला कोठडीबाहेर काढताना डोक्यावर बुरखा घालत, त्याला दुसऱ्या माणसाचं तोंडही दिसू नये म्हणून. एकांतात माणूस सुधारतो, अशी श्रद्धा होती. माझ्या मते ती क्रूर श्रद्धा होती. तोच एकांत पुढे अंदमानात आला. सेल्युलर जेल 1906 मध्ये बांधून पुरा झाला. त्याआधी 1860 च्या दंडसंहितेने आपल्याकडे अमुक गुन्ह्याला अमुक वर्षं हे गणित पक्कं केलं होतं.

या सगळ्यात मला जवळचा वाटतो जॉन हॉवर्ड. 1773 मध्ये तो इंग्लंडातल्या बेडफर्डशरचा शेरीफ झाला आणि तुरुंग स्वतः पाहू लागला. निर्दोष ठरलेली माणसं त्याला पुन्हा आत नेलेली दिसली. जेलरला पगार नव्हता, त्याचं पोट कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवर चाले. फी भरल्याशिवाय सुटका नाही. जेलरला पगार द्या, असं हॉवर्डने न्यायाधीशांना सुचवलं. त्यांनी विचारलं, असं आधी कुठे झालंय का? तो दाखला शोधायला तो शेजारच्या परगण्यांत फिरला. कुठेच मिळाला नाही. मिळाली ती सगळीकडे तीच दुरवस्था. 1774 मध्ये पार्लमेंटने सुटलेल्यांकडून फी घेणं बंद केलं.

2022 च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे. दर चारांतली तीन. मोबाइल चोरीच्या आरोपातला माझा एक अशील जामीन मंजूर होऊनही आतच आहे. पंधरा हजारांचा जामीनदार हवा, आणि त्याच्यासाठी सही करायला कुणी नाही. बायको गावी, मुकादमाने हात वर केलेले. मुलाकातीत तो केसबद्दल काही विचारत नाही. त्याचा प्रश्न एकच: तारीख कधी?

जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं आणि महिना उलटला तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयाने करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं आहे. त्याच आधारावर मी अर्ज केला आहे: जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडावं.