बोअरचा पाईप मधोमध आहे का?

पावसाळा सुरू झाला की आमच्या शासकीय रुग्णालयात जुलाब, कावीळ आणि विषमज्वराचे रुग्ण वाढू लागतात. पाणी कुठले पिता, असे विचारले की अनेक जण खात्रीने सांगतात, "साहेब, आमच्याकडे त बोअरचं पाणी हाये. घान कुठून येईन?"

दोनशे-तीनशे फुटांवरून, दगडाखालून आलेले पाणी शुद्धच असणार, हा समज निम्मा खरा आहे. खोलवरचे पाणी उघड्या विहिरीच्या पाण्यापेक्षा बहुधा स्वच्छ असते. पण ते आपल्या घागरीत येईपर्यंत तसेच राहते का, हे कोणालाही न दिसणाऱ्या एका जागेवर ठरते. ती जागा म्हणजे केसिंगचा पाईप आणि जमिनीतले भोक यांच्यामधली पोकळी.

पाईपच्या बाहेरून उतरणारी घाण

बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या घाटावरच्या भागात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. बोअरची गाडी आधी माती-मुरुमात मोठे भोक पाडते. पाषाण लागला की तिथपर्यंत केसिंग उतरवतात आणि पुढे दगडात कमी व्यासाचे भोक पाडत जातात. केसिंगचे काम वरची माती ढासळू न देणे एवढेच आहे, असे आपण समजतो. तिचे दुसरे, आरोग्याच्या दृष्टीने अधिक मोठे काम म्हणजे वरचे पाणी खाली जाऊ न देणे. मात्र हे काम पाईप एकटा करू शकत नाही. पाईपच्या बाहेरची पोकळी भरलेली नसेल, किंवा खोदाईत निघालेला भुसा लोटून ती कशीबशी बुजवली असेल, तर वरचे पाणी पाईपला धरून थेट खाली उतरते.

आपली काळी माती यात भर घालते. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाईपभोवतीची मातीही अशीच सुटते. मग मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो. गोठ्यातले, उकिरड्याचे, शोषखड्ड्याशेजारचे पाणी त्या भेगांत शिरते. मातीच्या जाड थरातून हळूहळू झिरपताना पाणी बऱ्यापैकी गाळले जाते. भेगेतून धावताना गाळले जात नाही. खालच्या पाषाणातही पाणी फटींतूनच वाहते, त्यामुळे तिथेही ते गाळले जाण्याची आशा कमीच.

हे किती महागात पडते, ते कॅनडातील वॉकर्टन या छोट्या गावाने २००० साली पाहिले. गावाला पाणी देणाऱ्या विहिरींपैकी पाच क्रमांकाची विहीर १५ मीटर खोल होती आणि तिची केसिंग फक्त ५ मीटरपर्यंत होती. खाली फटींचा खडक होता. मे महिन्यात मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातील शेणखताचे जंतू विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन टाकण्याच्या कामातही हयगय झाली होती. त्या छोट्या गावात २,३०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ७ जणांचा मृत्यू झाला. आजारी पडलेल्या काही मुलांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला.

मधोमध कशासाठी?

पोकळी बंद करण्याचा उपाय साधा आहे. तिच्यात सिमेंटचा पातळ गारा किंवा बेंटोनाइटची चिकणमाती भरायची. मात्र हा वेढा पाईपच्या चारही बाजूंनी सलग हवा. लांबलचक पाईप भोकात सोडला की तो कुठे तरी एका बाजूला टेकतोच. टेकलेल्या बाजूला गारा शिरत नाही, तिथे चिखल तसाच राहतो आणि वरून खालपर्यंत एक पन्हळ तयार होते. तीन बाजू पक्क्या आणि चौथी उघडी, अशा वेढ्याचा उपयोग काय?

त्यासाठी पाईपवर सेंट्रलायझर बसवतात. पाईपला कड्यासारखे धरणारे आणि बाहेरच्या बाजूला पट्ट्या असलेले हे साधन आहे. त्या पट्ट्या भोकाच्या भिंतीला टेकतात आणि पाईप मधोमध राहतो.

यामागचे गणित डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. रक्तवाहिनी थोडी अरुंद झाली तरी रक्ताचा प्रवाह कितीतरी पटींनी घटतो. चिंचोळ्या फटीचेही तसेच. पातळ द्रवाच्या बाबतीत फट निम्मी झाली की त्याच दाबाखाली तिच्यातून जाणारा प्रवाह निम्मा न राहता सुमारे एक अष्टमांश होतो. गारा त्याहून दाट असतो, म्हणून तो अरुंद बाजू सोडून रुंद बाजूनेच जातो.

तेलविहिरी खोदणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' रिगने मुंबई हायला तेल शोधले. तिथल्यासारख्या खोल विहिरींत कोणते सेंट्रलायझर, किती आणि कुठे बसवायचे, हे आधी गणित करून ठरवतात. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'वर स्फोट होऊन ११ कामगार दगावले. त्या विहिरीसाठी सिमेंटचे काम करणाऱ्या कंपनीने २१ सेंट्रलायझर सुचवले होते, प्रत्यक्षात ६ बसवले गेले. विहिरीच्या तळाशी सिमेंटने दगा दिला हे चौकशीत स्पष्ट झाले. त्यात कमी सेंट्रलायझरचा वाटा किती, यावर मात्र मतभेद राहिले. आपल्या बोअरमध्ये स्फोट होणार नाही. इथे सिमेंटने दगा दिला तर घरात आजार येतो.

कोणता निवडावा?

सेंट्रलायझर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्याच्या पोलादी पट्ट्या धनुष्यासारख्या वाकलेल्या आणि लवचिक असतात. भोक कुठे रुंद, कुठे अरुंद असेल तर त्या दबतात आणि पुन्हा फुलतात. माती-मुरुमातले भोक असेच वेडेवाकडे असते, म्हणून आपल्याकडे हा प्रकार सोयीचा. दुसऱ्याच्या पट्ट्या ताठ असतात. भोक सरळ आणि एकसारख्या मापाचे असेल तिथे तो चांगला. भोक जास्त रुंद झाले तर त्याचा आधार सुटतो आणि अरुंद झाले तर तो अडकतो. तेलविहिरी तिरक्या जातात, तिथे पाईपचे वजन एका बाजूला येते म्हणून जास्त संख्येने आणि जास्त ताकदीचे सेंट्रलायझर लागतात. आपला बोअर उभा असतो, त्यामुळे थोडक्यात भागते.

प्लास्टिकच्या केसिंगवर सेंट्रलायझर पट्ट्याने आवळावा, स्क्रू मारू नये. स्क्रूचे टोक आत आले तर मोटर सोडताना अडते आणि पाईपला छिद्र पडते ते वेगळेच. सगळ्या सेंट्रलायझरच्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्यामधून गारा सोडायचा बारीक पाईप तळापर्यंत जातो. गारा वरून ओतायचा नाही. तो तळापासून वर चढत आला पाहिजे. एक सेंट्रलायझर केसिंगच्या तळाशी, एक वर आणि पाईप लांब असेल तर मध्ये दर वीस ते चाळीस फुटांवर एक, एवढे पुरते.

पण यासाठी मुळात जागा हवी. सात इंची केसिंगसाठी भोक दहा इंची असेल तर चहूबाजूंनी दीड इंच मोकळे राहते. अशा वीस फूट केसिंगभोवती भरायला सुमारे चार गोणी सिमेंट लागते. ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी घालावे. संपूर्ण बोअरच्या खर्चात ही रक्कम फार मोठी नाही. तरीही ही मागणी कोणी करत नाही, कारण बोअरचा भाव फुटावर ठरतो आणि सगळ्यांचे लक्ष पाणी किती लागले याकडे असते.

खारपाणपट्ट्यात काय?

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात पाषाणाऐवजी गाळाचे जाड थर आहेत. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागांतील खारपाणपट्ट्यातली गावे वर्षानुवर्षे खारे पाणी आणि मूत्रपिंडाचे आजार दोन्ही सोसत आहेत. या आजारांचे एकच एक कारण अजून सिद्ध झालेले नाही. उन्हातले कष्ट, कमी पाणी पिणे, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मधुमेह आणि रक्तदाब यांचाही विचार करावा लागतो.

इथे स्पष्ट सांगायला हवे की ज्या थरातून पाणी घेतो तोच खारा असेल, तर कितीही चांगला सेंट्रलायझर त्याला गोड करणार नाही. मात्र सगळे थर सारखेच खारे नसतील, तर चांगल्या थरासमोर जाळीचा पाईप आणि खाऱ्या थरासमोर पक्का वेढा, अशी रचना करता येते. जाळीच्या वर आणि खाली सेंट्रलायझर असला तर वेढा सलग बसतो आणि खारे पाणी पाईपच्या बाहेरून चांगल्या थरात उतरत नाही. थरांची माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विचारावी. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते.

बोअर आधीच घेतलेला असेल तर

पाऊस पडल्यावर दोन-तीन दिवसांत बोअरचे पाणी गढूळ येते का, त्याला वास येतो का, हे पाहा. तसे असेल तर वरचे पाणी आत शिरते आहे असे समजावे. केसिंगभोवती तीन-चार फूट खोदून सैल माती काढावी, सिमेंटने पक्के भरावे आणि वर बाहेरच्या बाजूला उतार असलेला ओटा करावा. केसिंग जमिनीपासून फूटभर वर हवी आणि तिला घट्ट झाकण हवे. एवढ्याने भागले नाही तर आतून कमी व्यासाचा पाईप टाकून दोन्ही पाईपांमधली जागा भरता येते. तिथेही सेंट्रलायझर लागतोच.

पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, करून घ्यावी. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही नसावा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरच्या दुधासाठी मुळीच वापरू नये. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून ते निळे पडू शकते. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. घरात गरोदर बाई असेल तर शंका आल्याबरोबर पाणी उकळून द्यावे. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते.

नवा बोअर घेताना गाडीवाल्याला सौदा ठरण्याआधी चार प्रश्न विचारा. भोक केसिंगपेक्षा किती मोठे पाडणार? केसिंग पक्क्या पाषाणात किती खोल बसवणार? सेंट्रलायझर किती आणि कुठे लावणार? पोकळी कशाने भरणार, आणि तळापासून की वरून? उत्तरे पावतीवर लिहून घ्या आणि गारा भरताना स्वतः तिथे उभे राहा. पाईपच्या बाहेर काय झाले, हे नंतर कोणालाही दिसत नाही.